बाग नवी होणार, मग आमच्या खोलीचं काय?

या महिन्यात कायद्याच्या सदराला जी पत्रं आलीत त्यातली बरीचशी ठाणे-नवी मुंबईची आहेत आणि विषय जवळपास एकच, की आमच्या बागेचा कायापालट होणार म्हणतायत, बागेत आमची संस्था इतकी वर्षं आहे, करार संपलाय किंवा संपत आलाय, आम्हाला कोणी काही सांगत नाही. नेरूळचं वंडर्स पार्क झालं, कोलशेतचं सेंट्रल पार्क झालं, आता प्रत्येक प्रभागाला आपल्या बागेत तसं काहीतरी हवंय आणि ते चूक आहे असं मी म्हणणार नाही, पण जुन्या बागा रिकाम्या नसतात. कुठे वाचनालय असतं, कुठे व्यायामशाळा, बालवाडी, ज्येष्ठांची खोली, बचत गटाचा चहा-वडापावचा गाळा. चार पत्रं निवडलीत. पहिल्याला उत्तर लांब दिलंय कारण बाकीच्यांनाही त्यातलं निम्मं लागू आहे, त्यामुळे तुमचं पत्र दुसरं-तिसरं असलं तरी पहिलं उत्तर वाचाच.

प्रश्न : वकीलताई, नमस्कार. ठाण्यात एका सार्वजनिक बागेत आमचं वाचनालय आहे, दोन खोल्या, मागे छोटी ओसरी. सुरुवातीला 11 महिन्यांचा करार व्हायचा, मग एकदा तीन वर्षांचा झाला, तो संपून बराच काळ लोटला. नूतनीकरणाचा अर्ज दिलाय, त्याचं उत्तर नाही, पण भाडं आम्ही दर महिन्याला भरतो आणि ते घेतात. आता बागेत माणसं टेप घेऊन मापं काढून गेली, नवीन थीम पार्क होणार म्हणतात. ऑफिसात विचारलं तर "वरून आलंय, आम्हाला माहीत नाही." आमच्याकडे दुपारी अभ्यासाला मुलं बसतात, घरी दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसं असलेली मुलं आहेत ती. आम्हाला काही हक्क आहे का? आताच कोर्टात जावं का? — वाचनालयाचे कार्यवाह, ठाणे

उत्तर : काका, कोर्टाचं शेवटी बोलू, आधी कागद काढा. आणि कागद म्हणजे फक्त करारनामा नाही, भाड्याच्या पावत्या पण, सगळ्या, अगदी फाटलेल्या सुद्धा.

करारनाम्यात पहिलं बघायचं ते हे, की तो भाडेपट्टा आहे की परवाना, ज्याला आपण लीव्ह अँड लायसन्स म्हणतो. वर शीर्षक काय छापलंय त्यावर ते ठरत नाही, सुप्रीम कोर्टाने 1959 सालीच असोसिएटेड हॉटेल्स विरुद्ध कपूर या खटल्यात सांगितलंय की कागदाला नाव काय दिलं यापेक्षा जागेचा ताबा आणि हक्क खरोखर दिला होता की फक्त वापरायची परवानगी होती हे बघायचं. कुलूप कोणाचं, दुरुस्ती कोणी करायची, अधिकारी केव्हाही आत येऊ शकतो का, असली साधी कलमं असतात बघा, त्यातून ते कळतं. दुसरं म्हणजे तो तीन वर्षांचा करार रजिस्टर झाला होता का? एका वर्षापेक्षा जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदणीकृत लागतो, 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं 107 कलम आहे, आणि संस्थांच्या बाबतीत मला सर्रास दिसतं की स्टॅम्प पेपर आहे, सह्या आहेत, गोल शिक्का आहे, नोंदणी मात्र नाही.

आता एक गोष्ट जी ऐकायला वाईट वाटेल पण आधी सांगितलेली बरी. बऱ्याच संस्थांना वाटतं की इतकी वर्षं भाडं भरलं म्हणजे आपण भाडेकरू झालो, आपल्याला कोण काढतंय. तसं नाहीये. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 हा सरकारच्या किंवा स्थानिक प्राधिकरणाच्या मालकीच्या जागेला लागूच होत नाही, कलम 3 मध्ये स्पष्ट सूट आहे. चाळीतल्या पागडीवाल्या भाडेकरूला जे संरक्षण आहे ते बागेतल्या संस्थेला नाही. त्या भरवशावर बसू नका.

मग भाडं घेतात त्याला काही अर्थ आहे का, तर आहे, पण थोडा. हस्तांतरण कायद्याच्या 116 कलमात असं आहे की मुदत संपल्यावर मालकाने भाडं स्वीकारलं किंवा भाडेकरूच्या राहण्याला अन्य प्रकारे संमती दिली तर भाडेपट्टा पुढे चालू राहिला असं धरता येतं, महिन्यामहिन्याचा. पण तसा महिन्याचा भाडेपट्टा 15 दिवसांच्या नोटिशीने संपवता येतो, म्हणजे हे काही फार मोठं छत्र नाही. आणि इथेच पावती महत्त्वाची. कृपया आज संध्याकाळी वाचनालय बंद करायच्या आधी मागच्या काही वर्षांच्या पावत्या टेबलावर ओळीने मांडा आणि प्रत्येकीवर लेखाशीर्ष, म्हणजे रक्कम कशाची म्हणून घेतली ते, काय लिहिलंय ते वाचा. जुन्या पावत्यांवर "भाडे" असतं. करार संपल्यानंतरच्या पावत्यांवर पुष्कळदा शब्द बदललेला असतो, "वापर शुल्क" किंवा "नुकसान भरपाई", कधी खाली बारीक शिक्का असतो की ही रक्कम हक्कास बाधा न येता स्वीकारली. भरणारा माणूस रक्कम बघतो आणि पावती फाइलला लावतो, तो शब्द कोणी वाचत नाही, आणि पुढे सुनावणीत समोरचे वकील नेमकी तीच पावती काढतात. तुमच्या पावत्यांवर अजून "भाडे" असेल तर त्याच्या झेरॉक्स आजच वेगळ्या काढून ठेवा. शब्द बदललेला असेल तर तो कोणत्या महिन्यापासून बदलला ते लिहून ठेवा.

महापालिकेलाही मनाला येईल तसं करता येत नाही हेही तितकंच खरं. 1949 चा महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम आहे, जुने लोक अजून बीपीएमसी ॲक्ट म्हणतात तोच. त्याच्या कलम 79 मध्ये पालिकेची मालमत्ता भाड्याने कशी द्यायची, किती मुदतीपर्यंत आयुक्त देऊ शकतात, पुढे कोणाची मंजुरी लागते, हे सगळं आहे, शिवाय चालू बाजारभावापेक्षा कमी मोबदल्यात देता येत नाही असंही आहे. त्यावर 2019 मध्ये भाडेपट्टा नूतनीकरण आणि हस्तांतरणाचे स्वतंत्र नियम आले आणि 2023 मध्ये त्यात सुधारणा झाल्या, शैक्षणिक, धर्मादाय आणि सार्वजनिक वापरासाठी दर वेगळे धरले. तुमचा नूतनीकरणाचा अर्ज जर 2019 च्या आधीचा असेल तर तो जुन्या हिशेबाने पडून असणार. नवीन अर्ज द्या, त्यात हे नियम नाव घेऊन लिहा आणि आम्ही सार्वजनिक वाचनालय आहोत, आमचा विचार त्या वर्गात करा अशी मागणी करा. जुन्या अर्जाचा आवक क्रमांक त्यात टाका. आवक क्रमांक नसेल, नुसता हातात दिला असेल, तर तो अर्ज दिलाच नव्हता असं समजून चाला.

खाली करायला सांगायचं तर त्याचीही पद्धत आहे. त्याच कायद्यात कलम 81ब आहे. भाडं थकलं, परस्पर पोटभाडेकरू ठेवला, अटी मोडल्या, ताबा अनधिकृत आहे, किंवा जागा सार्वजनिक हितासाठी हवी आहे, अशा कारणांवर आयुक्त एक महिन्यात जागा खाली करायचा आदेश काढू शकतात. पण त्या आधी कारणे दाखवा नोटीस द्यावी लागते, कारणं लेखी सांगावी लागतात, तुमचं म्हणणं ऐकावं लागतं. आदेश झाला तर अपील जिल्हा न्यायाधीशांकडे, एक महिन्याच्या आत. म्हणजे कोणी कर्मचारी येऊन सोमवारपर्यंत सामान हलवा म्हणाला तर ती नोटीस नव्हे. त्याच्याशी भांडू नका, त्याला पाणी द्या, नम्रपणे सांगा की साहेब लेखी द्या, आणि त्याच दिवशी मालमत्ता विभागाला पत्र टाका की अमुक तारखेला असं तोंडी सांगण्यात आलं.

आता मला जे सगळ्यात जास्त सांगायचंय ते. सगळ्या संस्था "आमचा करार वाढवा, करार वाढवा" करत मालमत्ता विभागाच्या पायऱ्या झिजवतात, आणि तिकडे बागेचा नकाशा दुसऱ्याच टेबलावर तयार होत असतो, उद्यान विभाग किंवा शहर अभियंता किंवा बाहेरचा सल्लागार. त्या नकाशात तुमच्या दोन खोल्यांच्या जागी काय काढलंय हे बघितलंय का कोणी? तिथे फूड कोर्ट काढलं असेल तर करार वाढला काय आणि नाही वाढला काय. आणि तिथे "वाचनालय, क्षेत्र इतकं" असं लिहिलेलं असेल तर करार थोडा मागेपुढे झाला तरी जागा शिल्लक राहते. म्हणून आधी नकाशात या, मग करारात. आणि हे निविदा निघायच्या आधी व्हायला हवं. निविदा निघाल्यावर सुद्धा शुद्धिपत्रक काढून अट घालता येते, पण कार्यादेश एकदा ठेकेदाराच्या हातात पडला की प्रत्येक बदलाला खर्च लागतो आणि मग कोणी ऐकत नाही, ऐकायची इच्छा असली तरी.

तर माहिती अधिकारात अर्ज टाका. 2005 चा कायदा, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, आपल्याकडे एका अर्जात एकच विषय आणि साधारण 150 शब्द अशी मर्यादा आहे म्हणून गोष्ट सांगत बसू नका, कागदांची नावं लिहा : बागेच्या पुनर्विकासाचा प्रकल्प अहवाल, प्रस्तावित नकाशा, सल्लागाराच्या नेमणुकीचं पत्र, मंजुरीचा ठराव, निविदा काढली असल्यास तिच्या अटी. ठरावाबद्दल एक लक्षात ठेवा, ठाण्यात 2022 नंतर आणि नवी मुंबईत 2020 नंतर बराच काळ प्रशासक होता, त्या काळातले निर्णय महासभेच्या इतिवृत्तात सापडणार नाहीत, प्रशासकीय ठराव म्हणून मागा. कागद देण्यापेक्षा फाइल बघायला बोलवा असंही मागता येतं आणि मला विचाराल तर तेच जास्त उपयोगाचं, कारण फाइलमध्ये टिपण्या असतात, कोणी काय शेरा मारलाय ते दिसतं. 30 दिवसांत उत्तर नाही आलं तर पुढच्या 30 दिवसांत पहिलं अपील. आणि तोवर रोज नाही तरी आठवड्यातून एकदा महाटेंडर्स या सरकारी निविदांच्या साइटवर बागेचं नाव टाकून बघायला वाचनालयातल्या एखाद्या मुलाला बसवा, तुमच्याकडे अभ्यासाला येतात त्यांनाच, ते पाच मिनिटांत शोधतील.

नकाशा हातात आला की निवेदन द्या, एका पानाचं. मागण्या तीनच ठेवा. काम टप्प्याटप्प्याने करा म्हणजे वाचनालयाची बाजू शेवटी घ्या. मधल्या काळात जवळच्या समाजमंदिरात किंवा पालिकेच्या बंद पडलेल्या शाळेत तात्पुरती खोली द्या. आणि काम झाल्यावर तेवढ्याच क्षेत्राची जागा याच संस्थेला मिळेल ही ओळ निविदेच्या अटीत घाला. ही तिसरी ओळ तोंडी आश्वासनात नको, आयुक्तांच्या पत्रात असली तर चांगलं, निविदेत असली तर उत्तम. उत्तर मिळेना झालं तर महापालिकेचा लोकशाही दिन असतो महिन्याच्या पहिल्या सोमवारी, त्याला विहित नमुन्यात 15 दिवस आधी अर्ज द्यावा लागतो, आणि प्रकरण कोर्टात असेल तर तो अर्ज घेत नाहीत. आताच कोर्टात जाऊ नका म्हणते त्याचं हेही एक कारण आहे. कारणे दाखवा नोटीस आली की मात्र एक दिवस घालवू नका, वकील गाठा.

आणि हो, संस्थेची घरातली कागदपत्रं. विश्वस्त बदलले, कोणी वारले, नवीन आले, त्याचा बदल अर्ज धर्मादाय कार्यालयात दिला का? 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्यात त्याला 90 दिवसांची मुदत आहे. सुनावणीत पहिला प्रश्न येतो की तुम्ही कोण आणि तुम्हाला सही करायचा अधिकार कोणी दिला. जुन्या संस्थांमध्ये कागदोपत्री अध्यक्ष दहा वर्षांपूर्वी गेलेले असतात. हे आधी नीट करून घ्या काका, यात पालिकेचा काही संबंध नाही, हे आपल्याच हातात आहे. त्या मुलांसाठी तुम्ही इतकं करताय, कागदामुळे अडायला नको.

प्रश्न : ताई, आम्ही नवी मुंबईत बागेतल्या विरंगुळा केंद्रात रोज जमतो, ज्येष्ठ नागरिक संघ आहे आमचा. करार वगैरे काही नाही, उद्घाटनाच्या वेळी किल्ली दिली तेव्हापासून किल्ली आमच्याकडे. आता बागेचं काम निघालंय म्हणून एक छापील हमीपत्र आणून दिलंय, त्यात आहे की आम्ही जागा स्वेच्छेने रिकामी करून देत आहोत आणि पुढे कोणताही हक्क सांगणार नाही. काम झालं की परत देऊ असं तोंडी सांगतात. सही करावी का? सगळे घाबरलेत, कॅरम कुठे ठेवायचा इथपासून चर्चा चाललीय. — संघाच्या चिटणीस, नवी मुंबई

उत्तर : ताई, आहे त्या मजकुरावर सही करू नका. आणि नाही पण म्हणू नका, मजकूर बदलून द्या.

तुमचं जे आहे त्याला कायद्यात परवाना म्हणतात, वापरायची परवानगी, आणि परवाना देणारा तो काढून घेऊ शकतो. 1882 च्या सुविधाधिकार कायद्यात तेवढं मात्र आहे की परवाना काढला तर सामान हलवून बाहेर पडायला वाजवी वेळ द्यावा लागतो. त्यामुळे जागेवर हक्क सांगून तुम्ही फार लांब जाणार नाही. तुमची ताकद वेगळीकडे आहे. ती जागा ज्येष्ठांसाठीच बांधली होती, पालिकेच्याच पैशातून, पालिकेच्याच धोरणातून, आणि नव्या बागेतून ते केंद्रच गायब करायचं असेल तर तसं लेखी म्हणायची हिंमत कोणाची होत नाही. त्यांना लेखी म्हणायला लावा.

हमीपत्राच्या जागी तुम्ही स्वतः एक पत्र लिहा : बागेच्या नूतनीकरणाच्या कामासाठी आम्ही केंद्राची खोली अमुक तारखेपासून तात्पुरती उपलब्ध करून देत आहोत, काम पूर्ण झाल्यावर ती ज्येष्ठ नागरिकांच्या वापरासाठी संघाकडे परत द्यावी, कामाचा अपेक्षित कालावधी आम्हाला लेखी कळवावा. "स्वेच्छेने रिकामी" आणि "कोणताही हक्क" हे शब्द कुठेही नकोत. दोन प्रती, एकीवर पोच. किल्ली देताना नुसती देऊ नका, ताबा पावती करा, तीत खोलीत काय काय होतं ते लिहा, पंखे किती, कपाट कोणाचं, टीव्ही देणगीतून आला असेल तर देणगीची पावती जोडा. मोबाइलवर फोटो काढा, तारखेसकट. तुम्ही संघाच्या खर्चाने फरशी किंवा टॉयलेट करून घेतलं असेल तर त्याची परवानगी आणि बिलं शोधा. परवानगीने पक्कं बांधकाम केलं असेल तर परवाना काढून घेण्यावर कायद्याने थोडी बंधनं येतात, परवानगीशिवाय केलं असेल तर तो मुद्दा काढूच नका.

नवी मुंबईवाल्यांना आणखी एक काम आहे जे ठाण्याला नाही. प्लॉट कोणाचा आहे ते बघा. सिडको 1970 ची आणि नवी मुंबई महापालिका 1992 पासूनची, मधल्या काळात कितीतरी भूखंड सिडकोने पालिकेकडे हस्तांतरित केले, काही नंतर केले, काही अजून नाहीत. तुम्ही अर्ज पालिकेला देत राहाल आणि कळेल की मालक सिडको आहे. सेक्टर आणि प्लॉट नंबर घालून दोन्हीकडे माहिती अधिकार टाका, दहा-दहा रुपयांचा प्रश्न आहे.

कॅरमचं म्हणाल तर जवळच्या सोसायटीच्या क्लब हाउसमध्ये दुपारच्या वेळी तो ठेवायची विनंती करा, त्यासाठी पालिकेची वाट बघू नका. वर्षभर जमणं बंद पडलं की संघ विस्कटतो, आणि संघ विस्कटला की खोली परत मागायला कोणी उरत नाही. हे मी बघितलेलं आहे आणि ते बघून फार वाईट वाटतं.

प्रश्न : मी बागेत रोज फिरायला येणारा साधा माणूस. तुमच्या सदरात नेहमी संस्थांची बाजू असते म्हणून लिहितोय. बाग सगळ्यांची आहे. चार संस्था नाममात्र भाड्यात खोल्या अडवून बसल्यात, एकीला तर कायम कुलूप, रविवारी वाढदिवसाचे कार्यक्रम होतात तिथे. बाग नवीन होत असेल तर यांना का म्हणून ठेवायचं? — एक वाचक, ठाणे

उत्तर : तुमचा राग खरा आहे आणि त्यातलं बरंच मला मान्य आहे. बागेची खोली वाढदिवसाला भाड्याने देणारी संस्था ही संस्था राहिलेलीच नाही, तो पोटभाडेकरूचा धंदा झाला, आणि वर मी कलम 81ब सांगितलं त्यात जागा काढून घ्यायला हे स्वतंत्र कारण आहे. तुम्ही फोटो आणि तारखा घालून तक्रार द्या, मी त्या संस्थेची बाजू घेणार नाही. कुलूपबंद खोलीचंही तेच.

पण म्हणून चारही एका मापाने मोजू नका. वाचनालयात जाऊन बसा एक दुपार, तिथे कोण येतं ते बघा, मग ठरवा. आणि संस्था काढून बाग मोकळी होणार असं तुम्ही धरून चाललाय, ते नकाशा बघितल्याशिवाय धरू नका. खोल्या पाडून तिथे कॅफे, तिकीट खिडकी, लग्नाचा लॉन येणार असेल तर तुमची फिरायची जागा वाढली कुठे?

यावर न्यायालयं स्पष्ट बोललीत. 1991 मध्ये बंगलोर मेडिकल ट्रस्टच्या खटल्यात, बागेसाठी राखलेली जागा खासगी नर्सिंग होमला दिली होती ती सुप्रीम कोर्टाने चालू दिली नाही, आणि तिथे कोर्टात गेले होते ते आजूबाजूला राहणारे लोक, तुमच्यासारखे. 1999 मध्ये लखनौच्या एका जुन्या बागेखाली बिल्डरकडून बाजार बांधून घेतला जात होता, एम. आय. बिल्डर्सचा खटला, तिथे तर बांधलेलं पाडून बाग पूर्ववत करा असा आदेश झाला. बागेत बांधकाम किती चालतं त्याला विकास नियंत्रण नियमावलीत मर्यादा आहेत, राज्यभराची एकत्रित नियमावली 2020 च्या डिसेंबरपासून ठाण्यालाही लागू आहे. आणि बागेचं आरक्षणच बदलायचं असेल तर 1966 च्या नगररचना कायद्यातल्या कलम 37 प्रमाणे जाहीर सूचना देऊन लोकांच्या हरकती मागवाव्या लागतात, एक महिना असतो. ती सूचना वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर बारीक टायपात येते. ती वाचणारा माणूस बागेला हवा असतो, संस्थेचा असो नाहीतर फिरायला येणारा असो.

झाडांचं पण लक्ष ठेवा. 1975 चा झाडांचा कायदा आहे, परवानगीशिवाय तोड नाही, आणि तोडायच्या आधी झाडावर नोटीस चिकटवून सात दिवस हरकतींसाठी द्यावे लागतात. कामाच्या धामधुमीत तो कागद पावसात गळून पडतो. रोज सकाळी फिरताना झाडांच्या खोडाकडे बघत चला, दिसला कागद की फोटो, आणि त्याच दिवशी उद्यान विभागाला हरकत. पन्नास वर्षं किंवा त्याहून जुन्या झाडांना 2021 च्या दुरुस्तीनंतर हेरिटेज वृक्ष धरतात, त्यांच्यासाठी नियम आणखी कडक आहेत. तुम्ही आणि ते वाचनालयवाले काका एका बागेतले असाल तर एकमेकांशी बोला असं मला मनापासून वाटतं.

प्रश्न : ताई आमचा महिला बचत गट आहे, बागेत नाश्त्याचा गाळा चालवतो, महापालिकेशी तीन वर्षांचा करार आहे आणि अजून एक वर्ष शिल्लक आहे. बाग आता एका ठेकेदाराला चालवायला दिली म्हणे. त्याचा माणूस येऊन सांगतो, पुढच्या महिन्यापासून भाडं आम्हाला द्यायचं आणि ते तिप्पट. नाहीतर गाळा सोडा. आम्ही काय करायचं? बागेच्या गेटवर भेळवाले, फुगेवाले आहेत त्यांनाही हलवणार म्हणतात. — गटाच्या अध्यक्षा, ठाणे

उत्तर : त्याला एक रुपया देऊ नका. तुमचा करार महापालिकेशी आहे आणि महापालिकेचं तुमच्या नावाचं लेखी पत्र येत नाही, की इथून पुढे भाडं अमक्याला द्या, तोपर्यंत भाडं महापालिकेतच भरायचं, वेळेवर, चलनाने. एक महिनाही थकू देऊ नका, थकबाकी हे सगळ्यात सोपं कारण असतं बाहेर काढायचं. त्यांनी घेतलं नाही तर डिमांड ड्राफ्ट काढून स्पीड पोस्टाने पाठवा आणि पोच जपा. तसं पत्र आलं तरी ठेकेदार पालिकेच्या जागी येतो, पालिकेपेक्षा वर नाही. उरलेलं वर्ष करारातल्या भाड्यानेच, करारात वाढीची अट असेल तेवढीच वाढ.

फक्त एक कलम नीट वाचा, मुदतीआधी रद्द करायचं कलम, बहुतेक करारांत असतं, इतक्या दिवसांची नोटीस देऊन महापालिका करार संपवू शकेल असं. ते असेल तर दिवस किती ते बघा आणि अनामत रक्कम परत कशी मिळणार ते पण. मग आजच मालमत्ता विभागाला पत्र : आमचा करार अमुक तारखेपर्यंत आहे, ठेकेदाराच्या निविदेत त्याचा उल्लेख आहे का ते कळवा. पुष्कळदा निविदेत लिहिलेलं असतं की चालू करार मुदत संपेपर्यंत राहतील, आणि ठेकेदाराचा माणूस ते सांगत नाही.

गेटवरच्या भेळवाल्यांचं वेगळं आहे, ते भाडेकरू नाहीत, त्यांना 2014 चा पथविक्रेता कायदा लागतो. विक्री प्रमाणपत्र असेल तर हलवायच्या आधी 30 दिवसांची नोटीस मिळायला हवी. प्रमाणपत्र नसेल पण सर्वेक्षणात नाव आलं असेल तर त्याची पावती शोधायला सांगा. नगर पथविक्रेता समितीत निदान 40 टक्के सदस्य विक्रेत्यांतले असतात, त्यांच्यापैकी कोणी तुमच्या भागातलं असेल तर त्यांना हे कळवा. तुमच्या गटातली एखादी लिहिता-वाचता येणारी मुलगी त्यांना अर्ज लिहून देईल तर फार बरं होईल.

ज्यांना पत्राने विचारायचंय त्यांनी करारनाम्याचं पहिलं पान, शेवटचं पान आणि करार संपल्यानंतरची कोणतीही एक पावती, यांची झेरॉक्स जोडा. मूळ कागद पोस्टाने पाठवू नका. नोटीस आलेली असेल तर पाकिटावर मोठ्या अक्षरात "नोटीस" लिहा, ती पत्रं मी अंकाची वाट न बघता आधी उघडते.